काचेबाहेरचा मालक

मी खरं सांगत होते तेव्हा एकानंही मानलं नाही. नवऱ्यानं नाही, जावेनं नाही, रुग्णालयाच्या खिडकीतल्या त्या चष्मेवाल्यानं तर नाहीच नाही. "असं कुठं असतं का!" एवढंच सगळ्यांचं उत्तर. म्हणून आता तीच हकिकत दृष्टांत म्हणून सांगते. दृष्टांतात कोल्हा बोलला तरी लोक मान डोलावतात, मग बाई बोलली तर काय बिघडलं? ह्यात जी बाई येईल ती मीच, पण गोष्टीच्या ओघात मी तिला बाईच म्हणेन.

एकदा एक वृद्ध बँडमास्तर होते. उभी हयात त्यांनी वराती वाजवल्या. क्लॅरिओनेट फुंकून फुंकून गाल सैल पडलेले, बोलणं थोडं आणि सरळ. त्यांच्या बँडमध्ये बारमाही पगारी माणूस एकही नव्हता. ट्रम्पेटवाला एका गावचा, ढोलवाला दुसऱ्या गावचा, ताशेवाला तिसऱ्याच तालुक्यातला. लग्नसराई आली की जमायचे, सराई सरली की आपापल्या शेताला, दुकानाला लागायचे. तरीही तो बँड बेसूर झाला असं कुणाच्या ऐकिवात नाही.

ह्या मास्तरांचा एक शिष्य होता. पोरवयात त्यांच्याकडे खुळखुळे वाजवायचा. पुढं शिकला, शहरात राहून आला आणि गावात त्यानं एजन्सी काढली. एजन्सी म्हणजे लोकांना वेबसाइट बांधून द्यायची आणि त्यांची जाहिरात मोबाइलमोबाइलवर फिरवायची. ऑफिस झकास. काचेची केबिन, दारावर 'सुहास जिनगोंडा मगदूम' अशी त्याच्या नावाची पाटी, गार हवा. पण आत माणसं म्हणाल तर तो स्वतः आणि फोन उचलणारी एक मुलगी. बाकी सगळे बाहेरचे. चित्रं काढणारी बाई अमरावतीला आपल्या घरात बसून काम करायची. वेबसाइट बांधणारा गडी आणि त्याच्या हाताखालचे दोघं थेट नेपाळात, पोखऱ्याला. जाहिरात फिरवणारा इंदूरला. नोकर कुणीच नाही. काम असेल तेव्हा काम, नसेल तेव्हा रामराम.

शिष्य अभिमानानं म्हणायचा, "मास्तर, तुमचाच धडा गिरवला. माणसं गावोगावची, सूर एक."

मास्तर नुसते हसायचे. हो म्हणायचे नाहीत.

कारण त्या धड्यात शिष्यानं पदरचं एक कलम घातलेलं होतं. ह्या माणसांनी एकमेकांशी बोलायचं नाही, ग्राहकाशी तर मुळीच नाही. जे काही असेल ते फक्त शिष्याला विचारायचं. चित्रवालीला ठाऊक नाही की आपली चित्रं पुढं कोण जोडतं. पोखऱ्याच्या गड्याला वाटे, चित्रं साहेबच काढतात. ग्राहकांना वाटे, ही सगळी मंडळी वरच्या मजल्यावर ओळीनं बसलेली आहेत. कोणतंही पत्र गेलं की खाली सही एकच, 'टीम'. शिष्याच्या मनात भय होतं. उद्या हे एकमेकांना सापडले, ग्राहकाला सापडले, तर मला कोण विचारणार? मधला माणूस सगळ्यांना नकोसा असतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून त्यानं आपल्यावाचून कुणाचं पान हलू नये अशी तजवीज केली होती.

असं असताना एका धर्मादाय नेत्रालयाचं काम त्याच्याकडे आलं. मोतीबिंदूचं मोफत शिबिर होतं. जाहिरात निघाली. हिरवंगार पान, मधोमध म्हाताऱ्या आजीचे हसरे डोळे, आणि खाली ठसठशीत अक्षरांत, 'नावनोंदणीसाठी फोन करा.' त्याखाली नंबर.

तो नंबर बाईचा होता.

बाईचं मिरची कांडप आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला घरोघरच्या बायका तिला फोन करतात, पाळी कधी येईल, सोबत खोबरं-धने आणू का, असलं विचारतात. तसाच एक फोन सकाळी वाजला.

"डोळ्यांसाठी केलाय."

"डोळ्यांसाठी? अहो, हितं मिरची कुटतात."

"म्हाताऱ्या माणसाची थट्टा करता व्हय, बाई?"

तो ठेवला तर दुसरा. दुसरा ठेवला तर तिसरा. एकानं विचारलं, "शिबिरात आत घ्यायचे किती पैसे घेता ते एकदाचं सांगा, मिरची-बिरची राहू दे बाजूला." एक आजी तर रडकुंडीला येऊन म्हणाली, "लेकी, मला दिसत न्हाई म्हणून तर नातवाकडनं फोन लावून घेतला. तू असं का करतीस?" बाईनं शपथा घातल्या, आवाज चढवला, शेवटी नुसती गप्प राहिली. गप्प राहिली तर पलीकडून माणसं आपली नावं, वय, गाव सांगून मोकळी होत आणि "लिहिलंत नव्हं?" म्हणून विचारत.

ती नेत्रालयात गेली. खिडकीतला म्हणाला, "आमची वेबसाइट मोठ्या टीमनं केलीय, बाई. टीम चुकत नसते. तुम्हीच कुठंतरी आपला नंबर दिला असेल." ह्या लोकांनी स्वतः ते पान बघितलं होतं म्हणे. बघितलं म्हणजे आजीचे डोळे बघून छान म्हटलं. नंबर बघायचा असतो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एजन्सीचं नाव होतं. बाईनं ते हुडकलं, दुसऱ्या दिवशी कांडप बंद केलं आणि मिरचीच्या धुळीनं लाल झालेल्या लुगड्यानिशी त्या गार हवेच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. मास्तर तेव्हा तिथं चहा पीत बसले होते.

शिष्यानं ऐकून घेतलं आणि गोड हसला. "मावशी, आमच्याकडे हे होऊच शकत नाही. प्रत्येक काम तीन जणांच्या हातून जातं."

"मावशी तुझ्या आईच्या बहिणीला म्हण," बाई म्हणाली. "तिघांच्या हातून गेलं म्हणतोस, डोळ्यांखालून गेलं का?"

मास्तरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "वाद कशाला? आता हिचा फोन वाजला की ह्यालाच उचलू दे."

वाजायला काय वेळ! शिष्यानं फोन कानाला लावला.

"नेत्रालय ना?"

"नाही. म्हणजे, हा नंबर त्यांचा नाही."

"मग तुम्ही कोण?"

"मी... आम्ही त्यांची वेबसाइट करतो."

"म्हणजे त्यांचेच की! लिहा नाव."

"अहो, नंबर चुकलाय..."

"काल बाई मिरची सांगत होती, आज तुम्ही हे सांगता. शिबिर उरकल्यावर खरं बोलणार काय? लाज वाटू द्या जरा!" आणि फोन आपटला.

शिष्याचा चेहरा उतरला. आपण खरं बोलत असताना समोरचा खोटारडा ठरवतो तेव्हा कसं वाटतं, ते त्याला त्या घटकेला कळलं. त्यानं घाईनं नेत्रालयाच्या विश्वस्तांना कळवलं. विश्वस्त तापले. "आमची अब्रू गेली. हे कुणी केलं ते नावानिशी लिहून द्या. टीमबीम चालणार नाही. नाव आल्याशिवाय पुढचं काम तुमच्याकडे राहणार नाही."

शिष्यानं वेळ घालवला नाही. वेबसाइट बांधली कुणी? पोखऱ्याच्या गड्यानं. मग चूक त्याचीच. लांबचा माणूस, परमुलुखातला, तोंडावर येऊन विचारणार नाही. शिष्यानं पत्र लिहायला घेतलं, अमुक नावाच्या कंत्राटदाराच्या निष्काळजीपणामुळे हे घडलं, त्याला कामावरून दूर केलं आहे.

फोनवाली मुलगी बाईच्या कानाशी पुटपुटली, "संपला बिचारा."

"का गं? दुसरीकडं करंल काम."

"तसं नसतं, काकू. ह्यांच्या इंटरनेटवरच्या बाजारात प्रत्येकाच्या नावापुढं चांदण्या असतात. सर आता त्याला एकच चांदणी देणार, वर शेराही मारणार. पुढचा माणूस नाव वाचत नाही, चांदण्या बघतो. त्याच्या हाताखालच्या दोघांचंही त्याच्यावरच चालतं."

खरं सांगायचं तर बाईला तेव्हा दया-बिया काही आली नाही. म्हणाली, "मग द्या की एक! अर्धी द्या! माझ्या कानाचा पार भुगा केलाय."

शिष्यानं पत्र मास्तरांना वाचून दाखवलं. त्याला वाटलं, मास्तर म्हणतील, ठीक. मास्तर म्हणाले, "धाडण्याआधी तुझ्या सगळ्या माणसांना त्या पडद्यावर बोलाव. एकदमच."

"एकदम? मास्तर, ते एकमेकांना ओळखत नाहीत."

"म्हणूनच म्हणतो."

शिष्य कुरकुरला, पण गुरूचा शब्द मोडण्याची त्याला सवय नव्हती. थोड्या वेळानं भिंतीवरच्या पडद्यावर चौकोन उमटले. एकात अमरावतीची चित्रवाली, मागं दोरीवर वाळत घातलेले कपडे. एकात इंदूरचा तरुण, तोंडात सुपारी. एकात पोखऱ्याचा गडी, मिशीवाला, कान झाकणारी टोपी घातलेला, आणि त्याच्या खांद्यांवरून डोकावणारे दोघं. सगळे एकमेकांकडं असे बघत होते, जणू एकाच घरात वर्षानुवर्षं राहून आज पहिल्यांदा जिन्यात गाठ पडली.

मग मास्तर शिष्याला म्हणाले, "आता तू बाहेर जा."

"मी?"

"तूच. काचेपलीकडं उभा राहा. मी बोलावेपर्यंत आत यायचं नाही."

"मास्तर, ऑफिस माझं, माणसं माझी, ग्राहक माझा!"

"कुणी नाही म्हटलं? दार लावून घे."

बाईलाही ह्याचा अर्थ लागेना. ज्याचं घर त्यालाच उंबऱ्याबाहेर! पण शिष्य गेला. काचेपलीकडं खांब झाल्यासारखा उभा राहिला.

आत मास्तरांनी पुन्हा कप उचलला. मग बाईनंच तोंड उघडलं. हिंदी जमेल तसं लावलं. "मेरा नंबर इसमें किसने घाला?"

चित्रवाली खाली मान घालून म्हणाली, "ताई, मी. पण नमुना म्हणून टाकला होता हो. चित्र करताना रिकामी जागा वाईट दिसते, म्हणून मनाला येतील ते आकडे टाकायचे. पुढचा माणूस बदलतो, असंच चालतं."

"मनाला येतील ते! बाई गं, तुझ्या मनात मीच बरी आले!"

पोखऱ्याचा गडी म्हणाला, "दीदी, मुझे शक हुआ था. मैंने सर को लिखा, ये नंबर असली है या नमूना? सर ने अंगूठा भेज दिया."

अंगूठा म्हणजे मोबाइलवरचं ते अंगठ्याचं चित्र. न वाचता दाबलं की झाला होकार. बाईला राग आला तरी हसू फुटलं. आमच्यात न शिकलेला माणूस अंगठा उठवतो ना, तेव्हासुद्धा आधी कुणीतरी कागद वाचून दाखवतं. हा शिकलेला अंगठा त्याहून अडाणी निघाला.

इंदूरवाल्यानं सुपारी गालात सारली. "शक तो मुझे भी हुआ था. अस्पताल का नंबर, और मोबाइल का? पर पूछूँ किससे? सर के पास टाइम नहीं, और बगल वाले का नाम ही नहीं मालूम."

"अहो, पण खरा नंबर माझ्याकडं आहे!" चित्रवाली एकदम ताठ झाली. "शिबिराचं पत्रक मला रंग बघायला पाठवलं होतं. त्यावर छापलेलाच आहे. थांबा." तिनं पत्रक काढलं आणि हिंदीत आकडे वाचले. गड्यानं ते जागच्या जागी बसवले. इंदूरवाल्यानं जुनी जाहिरात थांबवून नवी सोडली. बाईच्या हातातला फोन आणखी दोनदा वाजला, मग मुका झाला.

तेवढ्यात पोखऱ्याचा गडी चित्रवालीला म्हणाला, "एक बात पूछूँ? वो दादी की आँखें आपने बनाईं?"

"हो. मीच."

"मैं तो समझता था, सर बनाते हैं. कितनी बार लिखा, सर, आपका हाथ बहुत सुंदर है. सर ने हर बार थैंक यू बोला."

चित्रवालीनं आधी डोळे विस्फारले, मग पदर तोंडाला लावून खदखदून हसली. इंदूरवालाही हसला. बाई हसली. मास्तरांच्या सैल गालांनाही हेलकावे बसले.

काचेपलीकडं मात्र प्राण कंठाशी आले होते. आत ओठ हलताहेत, हसताहेत, आणि शब्द एकही कळत नाही. शिष्य इकडून तिकडं फेऱ्या घालू लागला. काचेला कान लावला. मग बोटांनी टकटक केली. मास्तरांनी तळहात दाखवला, थांब. शेवटी त्यांनी खूण केली तेव्हा तो घामानं भिजून आत आला.

"काय ठरवलं त्यांनी? माझ्याविषयी हसत होते ना? ग्राहकाचं नाव विचारलं का? दर काढले का?"

"नंबर बदलला," मास्तर म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच. माझा चहासुद्धा निवला नाही अजून."

शिष्यानं रुमालानं घाम पुसला. तेव्हा मास्तर बोलले. सावकाश, एखाद्या पोराला सूर दाखवावा तसे.

"तू घटकाभर बाहेर उभा राहिलास तर तुझं काळीज फाटायची वेळ आली. नाना संशय आले. आणि ही माणसं? तुझ्याकडं लागल्यापासून ती काचेबाहेरच उभी आहेत. आत काय चाललंय, आपलं काम कुठं जातं, कुणाच्या हाती पडतं, त्यांना काही ऐकू येत नाही. तू म्हणतोस, मास्तर, तुमचाच धडा. नाही रे. माझी माणसंही लांबून यायची, पण वरातीत खांद्याला खांदा लावून चालायची. ट्रम्पेटवाल्याचा सूर घसरला की ढोलवाला नुसत्या डोळ्यानं सांगायचा, आणि मला कळायच्या आधी सूर सावरलेला असायचा. माणसं लांबची घेतलीस ह्यात पाप नाही. पण प्रत्येकाला वेगळ्या खोलीत कोंडून वाजवायला बसवलंस आणि साऱ्या किल्ल्या आपल्या कमरेला लावल्यास. बरं, लावल्यास तर दार तरी उघडायचंस! तुला सवड नाही. प्रत्येकजण आपापलं बरोबर वाजवतोय आणि बाहेर गाणं चुकतंय. पोखरा लांब नाही, बाबा. लांब तू केलंस."

"पण मास्तर," शिष्याचा आवाज बारीक झाला, "ते एकमेकांना सापडले आणि मला सोडून गेले तर?"

"एखादा जाईल. माझेही गेले. जाणाऱ्याला काच अडवत नसते. पण राहणाऱ्याला ती आंधळा करते. आणि एक ध्यानात ठेव. सगळं माझ्याच हातून गेलं पाहिजे असा ज्याचा हट्ट, त्याच्या हातून चूकही जाते. ती वाटेत दुसऱ्याच्या गळ्यात टाकता येत नाही."

शिष्यानं मान हलवली. डोळे ओलावले. पडद्यावर ज्यांना मराठी कळत नव्हती त्यांनाही एवढं कळलं की काहीतरी भारी बोललं गेलंय.

पण बाईचं समाधान झालं नाही. तिनं मान हलवणारी माणसं पुष्कळ पाहिलीत. भजनात हलवतात, घरी जाऊन तेच करतात. ती म्हणाली, "ज्ञान झालं ते बरं झालं. पण त्या पत्रात नाव कुणाचं आहे?"

पत्र तसंच उघडं होतं. पोखऱ्याच्या गड्याचं नाव त्यात जसंच्या तसं. नेमका तेव्हाच विश्वस्तांचा फोन आला. मुलीनं शिष्याकडं बघितलं. "सर, नाव मागताहेत."

वाट मोकळी होती. एक बोट दाबलं की पत्र गेलं असतं, ग्राहक टिकला असता, आणि डोंगरापलीकडच्या माणसाच्या चांदण्या विझल्या असत्या. विश्वस्तांना खरं कुठून कळणार होतं? मास्तर त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हते. ते निवत आलेला चहा पीत होते. नाव मागताहेत एवढं पडद्यावरच्या गड्यालाही उमगलं होतं. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती.

"सर," तो हळूच म्हणाला, "मेरा स्टार..."

शिष्य खुर्चीत बसला. लिहिलेलं सगळं पुसलं. मग थोडं लिहिलं, थांबला, पुन्हा लिहिलं. चित्रं कुणी काढली आणि वेबसाइट कुणी बांधली ते आधी लिहिलं, दोघांच्या नावानिशी, कामाचं श्रेय म्हणून. मग मुलीला म्हणाला, "पाठव."

"थांब गं पोरी," बाई म्हणाली. "आधी वाच. मोठ्यानं वाच, त्यांनाही ऐकू दे."

मुलीनं वाचलं. आधी श्रेयाची ती दोन नावं, मग पुढं, "नंबर खरा की नमुन्याचा, हे आमच्या माणसानं वेळेवर विचारलं होतं. मी न वाचता होकार दिला. तपासणारं दुसरं कुणी नव्हतं, कारण कुणी कुणाशी बोलू नये अशी व्यवस्था मीच केली होती. ती आजपासून बंद केली आहे. काम काढून घ्यायचं असेल तर माझी तक्रार नाही. आपण दोषी माणसाचं नाव मागितलंत. त्याचं नाव सुहास जिनगोंडा मगदूम."